ओट्याचं फडकं

३ नोव्हेंबर, सोमवार

आज बाबांनी व्यायामाचा चेंडू खिडकीतून फेकून दिला. डाव्या हाताने फेकला, हे आधीच लिहून ठेवते. नाहीतर उद्या वाचताना मलाच सुधारणा झाल्यासारखी वाटेल.

धंतोलीच्या क्लिनिकमधल्या नंदिनी मॅडमनी तो पिवळा मऊ चेंडू दिला होता. उजव्या मुठीत धरून दाबायचा. बाबांनी दोन दिवस दाबला. आज म्हणाले, "मी का लेकरू आहो? भंडारा-नागपूर गाडी चालवली जिंदगीभर, अन् आता चेंडू खेळू?" चेंडू शेजारच्यांच्या गच्चीवर पडला. मी आणायला गेले नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मौद्याला, जितूदादाच्या घरी, बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. ॲम्ब्युलन्समधून धंतोलीला आणलं ते अंगावरच्या कपड्यांनिशी. बोलणं परत आलं, पायही बराचसा आला. हात आला नाही. फिजिओथेरपी संपेपर्यंत म्हणून मी त्यांना जयताळ्याला माझ्या घरी आणलं. दादाने होकार दिला, पण 'संपेपर्यंत' हा शब्द तो दोनदा म्हणाला.

मी ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. मुलांना सांगते, आधी निरीक्षण लिहा, मग अनुमान. दोन्हींची सरमिसळ करू नका. ही वही त्यासाठीच.

निरीक्षण: रात्री अर्धी भाकरी, दोन घास भात. पुन्हा वाढायला गेले तर ताटावर हात आडवा धरला.
अनुमान: गिळायला त्रास होत असावा.

५ नोव्हेंबर, बुधवार

डॉक्टरांनी घसा तपासला. गिळायला काहीही त्रास नाही. अनुमान चुकलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पुन्हा अर्धी भाकरी. भरीत केलं होतं, त्यांच्या आवडीचं, वांगी भाजून, वर कच्चं तेल. "चांगलं झालं," म्हणाले आणि उठले.

माझा नवरा धर्मेंद्र म्हणाला, "मामाजी आधी यायचे तेव्हा माझ्यापेक्षा जास्त जेवायचे." खरं आहे. बाबा यायचे ते हातात पिशवी घेऊन. घरचे तांदूळ, परसातली वांगी, काहीच नसलं तर नाक्यावरून घेतलेली कोथिंबिरीची जुडी. पिशवी स्वतःच्या हाताने ओट्यावर ठेवायची, मग हात धुवायचे, मग जेवायला बसायचं. माझ्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली, हा क्रम कधी चुकला नाही. आमच्याकडची जुनी माणसं मानतात, लेकीच्या घरी नातवंड येईपर्यंत बापाने तिथलं अन्न फुकट खायचं नाही. आम्हाला मूल झालं नाही. तेव्हा वांगी येत राहिली. मी चिडवायची, "बाबा, तुमचा टोल आला." ते हसायचे.

भूक मरण्याचं कारण गोळ्या असाव्यात. सोमवारी विचारायचं.

८ नोव्हेंबर, शनिवार

चेंडूची हकिकत ऐकून नंदिनी मॅडम हसल्या. मग बाबांना म्हणाल्या, "काका, मग विणकाम करा. जाड सुया घ्या. उजव्या हाताला सुई नुसती धरून ठेवायचं काम द्या, बाकीचं डावा करेल. हळूहळू उजव्याला लाज वाटेल."

"बायकाचं काम आहे थे," बाबा म्हणाले.

"काका, बोटांना ठाऊक नसतं ते कोणाचं काम आहे."

येताना मी सीताबर्डीला रिक्षा थांबवून बांबूच्या जाड सुया आणि पांढऱ्या सुती दोऱ्याचे गुंडे घेतले. लोकर मुद्दामच नाही घेतली, ती हाताला चिकटते. रिक्षात बाबांनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि तोंड फिरवलं. मला वाटलं, झालं, याही सुया शेजारच्या गच्चीवर.

संध्याकाळी मात्र स्वतःच विषय काढला. "यानं काय बनते?"

"मफलर, टोपी. नाहीतर फ्रिजवर टाकायला कव्हर."

"फ्रिजले थंडी वाजते का? कामाचं काय बनते थे सांग. तुया घरात कायची कमी आहे?"

मी स्वयंपाकघरात पाहिलं. ओट्यावर धर्मेंद्रची फाटकी बनियान पडली होती. आमचं फडकं तेच. सगळ्यांच्याच घरी असतं. नवं कापड ओटा पुसायला कोण वापरतं?

"ओट्यासाठी फडकं बनेल," मी म्हटलं. "भांडी पुसायला, ओटा पुसायला. सुती असलं की पाणी चांगलं ओढतं."

"मंग थेच."

९ नोव्हेंबर, रविवार

टाके मी घातले. बाबा बघत होते. म्हणाले, "हे पहिली ओळ तू केली. मंग माही कशी?"

मी सांगितलं की शिकवणाराच सुरुवात करून देतो. त्यांनी विचार केला. "बरं. कंडक्टरनं बेल मारल्याबिगर गाडी निघत नाही. तू बेल मारली असं समजतो."

सगळे सुलट टाके, दोन्ही बाजूंनी. यापेक्षा सोपं विणकाम नाही. तरी पहिली ओळ पूर्ण व्हायला सकाळ गेली. उजवी सुई काखेत दाबून धरायची, मूठ तिच्याभोवती जशी मिटेल तशी मिटू द्यायची. डाव्या हाताने टाका पुढे ढकलायचा, दोरा गुंडाळायचा, ओढून काढायचा. मोजणं त्यांना जमेना. शेवटी त्यांनी टाक्यांना गावं दिली. भंडारा, शहापूर, मौदा, माथनी, महालगाव, कापसी, पारडी. गावं कमी पडली तेव्हा मधली झाडं, ढाबे आणि एक मारोतीचं देऊळ घेतलं. सुईवरून टाका उतरला की हळूच म्हणतात, "चला, महालगाव."

दुपारी ते बाहेर बाल्कनीत बसले होते. समोरच्या जयवंताबाईंनी पाहिलं म्हणून मी पडदा ओढला.

"पडदा काहून लावला वं?"

"ऊन येतं बाबा."

"नोव्हेंबरात? उघड थो. मी का चोरी करून राहिलो?"

उघडला. जयवंताबाई ओरडून म्हणाल्या, "काय विणता भाऊ, सुनेसाठी स्वेटर?" बाबांनी तितक्याच मोठ्याने सांगितलं, "ओटा पुसाचं फडकं!" बाई हसत आत गेल्या. लाज त्यांना वाटली नाही, मला वाटली. पडदा नक्की कोणासाठी ओढला होता, याचं उत्तर मला लिहायला जड जातंय.

निरीक्षण: रात्री एक पूर्ण भाकरी.
अनुमान: श्रमाने भूक लागते.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दादाचा फोन. त्याच्या मुलीला, करिष्माला, बघायला भंडाऱ्याचे पाहुणे येणार आहेत, तीस तारखेला. तेव्हा आजोबा घरात दिसले पाहिजेत.

"आणते की मी त्यांना," मी म्हटलं.

"आणाचं नाही मिनू, ठेवाचं आहे. मौद्यात लोकं तोंडावर विचारून राहिले. पोरगा पॉवर प्लांटमधी नोकरीले, घर स्लॅबचं, अन् बाप जवाईच्या दारी. चंपतकाका तर चौकात बोलले."

"तुमच्याकडे दिवसभर कोण असतं? तू शिफ्टला, वहिनी अंगणवाडीत. व्यायाम कोण घेईल?"

"टीव्ही आहे, पलंग आहे. चेंडू घेऊन देतो मी."

मी म्हटलं, "नाही." एवढंच. आयुष्यात दादाला पहिल्यांदा कारण न देता नाही म्हटलं. फोन ठेवल्यावरही ते मागे घ्यावंसं वाटलं नाही.

आता रात्रीचा विचार. दादा वाईट नाही. दवाखान्यात तीन रात्री जमिनीवर झोपला होता. मग मी का अडते? बाबांच्या हातासाठी की दादावर मात करायला? लहानपणी शेवटची जिलबी कायम त्याला मिळायची, हे मला अजून आठवतं, म्हणजे दुसरंही कारण थोडं आहेच. धर्मेंद्र शिफ्टवरून आला तेव्हा त्याला विचारलं. तो डबा घासत होता. म्हणाला, "तुम्ही दोघं भांडता. मामाजींना कोणी विचारलं?"

नाही विचारलं. विचारलं आणि ते 'मौदा' म्हणाले तर?

१५ नोव्हेंबर, शनिवार

फडकं वीतभर झालं आहे. वर जाताना रुंद होत चाललं आहे, कारण कडेला चुकून जास्तीचे टाके घेतले जातात. मी दाखवलं. बाबा म्हणाले, "विदाऊट तिकीट चढले. चालाचंच. उतरवाले गेलो तर भांडण होते."

नंदिनी मॅडमनी उजवा अंगठा आणि पहिलं बोट तपासलं. चिमटीत कागद धरता आला. मॅडमनी ओढला, तो लगेच सुटला नाही. मी रिक्षात रडले. बाबा म्हणाले, "कागदच होता वं, लॉटरी नोहे."

निरीक्षण: दीड भाकरी. गोळ्या त्याच.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज माझ्या हातून काय झालं ते नीट लिहायचं आहे.

दुपारी बाबा झोपले असताना विणकाम पाहिलं. मधोमध एक टाका सुटून चार ओळी खाली उतरला होता. शिडीसारखा. तसाच राहिला असता तर खालपर्यंत उसवला असता. मी क्रोशाच्या सुईने तो अलगद वर आणला, सुईवर चढवला. शिवाय, हेही लिहिते, कडेचे दोन जादा टाके गुपचूप एकत्र केले. सरळ दिसावं म्हणून.

उठल्यावर बाबा विणायला बसले. गावं मोजत गेले आणि थांबले. परत पहिल्यापासून मोजलं. मग फडकं डोळ्यांजवळ नेलं.

"कापसीपाशी सुटलेला माणूस गाडीत कसा आला?"

मी सांगून टाकलं.

बाबा मोठ्याने बोलत नाहीत. आज बोलले. "माया डिव्टीत दुसऱ्यानं स्टिअरिंग कसं धरलं? तुले सांगितलं होतं का मी?"

"बाबा, उसवलं असतं सगळं."

"उसवू दे! माहं उसवलं असतं!"

आणि त्यांनी सुई काढून घेतली, दोरा ओढायला सुरुवात केली. डाव्या हाताने सर्रसर्र. मी केलेला टाका गेला, त्याखालच्या ओळी गेल्या, आठवड्याचं काम गेलं. मांडीवर वाकड्या दोऱ्याचा ढीग. मी दोन टाके दुरुस्त केले म्हणून एवढं?

रात्री जेवले नाहीत. "भूक नाही." दूधही नाही. धर्मेंद्रने ताट नेऊन दिलं तर त्याला म्हणाले, "जवाईबापू, आज नाही. आज काही झालं नाही माया हातून."

अनुमान: हाताबद्दलचा अभिमान दुखावला. मी वर्गात मुलांची आकृती पुसून स्वतः काढते, ती सवय इथे नडली. क्षमा मागितली. "झोप तू," म्हणाले.

१९ नोव्हेंबर, बुधवार

कॉलेजातून आले तर बाबा बाल्कनीत. उसवलेला दोरा गुडघ्याभोवती गुंडाळून सरळ केलेला, विणकाम पुन्हा सुईवर. सगळे टाके त्यांनी एकट्याने परत चढवले होते. काही वाकडे, एक दोन उलटे. जयवंताबाई समोरच्या गच्चीतून सूचना देत होत्या, "भाऊ, डावीकडचा पाहा, डावीकडचा!" आणि बाबा, "तुमची गाडी तुम्ही चालवा नं बाई."

मी आत गेले. हात मागे बांधून उभी राहिले, अक्षरशः. मला कळलंय की मदत न करणं हे मला येत नाही. शिकते आहे.

रात्री स्वतःहून म्हणाले, "वाढ वं मिनू." सगळं जेवले. डॉक्टर म्हणतात मूड आणि भूक यांचा संबंध असतो. असेल.

२३ नोव्हेंबर, रविवार

दादाचा पुन्हा फोन. शनिवारी तो स्वतः गाडी घेऊन येणार, बरोबर चंपतकाका. म्हणजे पंचायतच. "तू अडवून दाखव," असं नाही म्हणाला, पण आवाज तसा होता. मी म्हटलं, "ये. जेवायलाच ये."

मग धीर करून बाबांपाशी बसले. "बाबा, दादा न्यायला येऊन राहिला. तुम्हाले कुठं राहायचं आहे?"

बाबा विणत राहिले. शहापूर गेलं, मौदा गेलं. वाटलं ऐकलंच नाही. मग म्हणाले, "शनिवारपर्यंत हे होईन का?"

"फडकं? बहुतेक होईल."

"मंग शनिवारी सांगतो."

काय सांगतो? मी कुठे राहायचं विचारलं आणि ते फडक्याचं बोलले. कधी कधी झटक्यानंतर विषय भरकटतो, असं वाचलं होतं. तसं नसावं. तशी भीती मात्र वाटते आहे.

२६ नोव्हेंबर, बुधवार

दोन्ही हातांनी विणलं. पाच मिनिटं, फार तर. उजव्या बोटांनी सुई धरली, काखेतून सुटी केली. मी हात मागेच ठेवले. त्यांनी वर पाहिलं आणि डोळा मारला.

दादा त्यांना घेऊन गेला तर या सुया मौद्याच्या टीव्हीखालच्या कपाटात जाणार. मी हे होऊ देणार नाही. बाबा जायचं म्हणाले तर? तर बॅग मी भरेन आणि दर शनिवारी मौद्याला जाईन, सुया घेऊन. पण बाबांच्या ऐवजी चौकाने ठरवलं, तर नाही. एवढं ठरवल्यावर झोप लागेलसं वाटतं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सगळं क्रमाने लिहिते.

दादा आणि चंपतकाका साडेअकराला आले. चंपतकाका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, त्यांच्याहून थोडे लहान, पांढरी टोपी, आवाज चौकातला. बाबा बाल्कनीत विणत बसले होते. काकांनी दारातूनच पाहिलं.

"काय गा मारोत! आता बांगड्या भराच्या राहिल्या फक्त."

"चंपत, बस न गा. बांगड्या तुया मापाच्या पाहून ठेवल्या."

धर्मेंद्र पाणी द्यायला आला होता, तो हसू दाबत परत आत गेला. दादा हसला नाही. "बाबा, चला. बॅग कोठी आहे?"

"थांब. गाडी डेपोत लावू दे."

शेवटची ओळ चालली होती. टाके बंद कसे करायचे ते मी काल तोंडी सांगितलं होतं: दोन विणायचे, पहिला दुसऱ्यावरून उचलून टाकायचा. ते त्यांना अवघड जात होतं. पहिला टाका सुईवरून निसटायचा, ते परत पकडायचे. दादा घड्याळ पाहत होता. काका म्हणाले, "दे न वं मिनू, तू कर दोन मिनटात. जायाचं आहे आमाले."

मी म्हटलं, "नाही काका. त्यांचं आहे ते."

"अन् तू कायले शिकवलं हे? मान आहे मारोतचा गावात. बाप्या माणूस, ड्रायव्हर माणूस, लेकीच्या घरी बसून..."

"बसून नाही, विणून राहिले," मी म्हटलं. "आणि लेकीच्याच घरी." माझा आवाज चढला होता. चढू दिला. "तुमच्या चौकाला सांगा काका, बाबांनी बुधवारी सुई उजव्या हातात धरली. चौकात कोणी विचारलं होतं का, हात कसा आहे?"

काकांनी टोपी नीट केली. दादा म्हणाला, "मिनू, मले वाटत नाही का हात बरा व्हावा? पण मी पोरगा आहो त्याइचा. मले तोंड दाखवाचं आहे." त्याचे डोळे भरून आले होते. मला त्याच्यावर चिडायचं होतं, ते तिथेच अर्धवट राहिलं.

तेवढ्यात बाबा म्हणाले, "पारडी." शेवटचा टाका. दोरा मी कापला, तेवढंच त्यांनी मागितलं. टोक त्यांनी स्वतः त्यातून ओढून घेतलं.

मग ते उठले. काठी न घेता, भिंतीला धरून, स्वयंपाकघरात गेले. फडकं खाली अरुंद, वर रुंद, मधोमध एक छिद्र, जिथे कापसीचा माणूस शेवटी राहूनच गेला. त्यांनी ते ओट्यावर ठेवलं. ओट्याच्या उजव्या कोपऱ्यात, खिडकीखाली. मग नळाखाली हात धुतले, दोन्ही. मग बाहेर येऊन ताटावर बसले.

पिशवी, हात, ताट.

मी दारात उभी होते, हातात भाकऱ्यांची टोपली. चार आठवडे भाकऱ्या मोजल्या मी. घसा तपासला, गोळ्या तपासल्या. 'माहं उसवलं असतं', 'आज काही झालं नाही माया हातून', सगळं माझ्याच हाताने याच वहीत लिहिलेलं आहे.

"वाढ न वं," बाबा म्हणाले. "दोन वाढ."

चंपतकाकांना राहवलं नाही. "मारोत, सरळ सांगतो. लेकीच्या घरचं फुकट खाणं आपल्यात नाही."

"नाहीच न गा. म्हणून तं फुकट नाही खात. ओट्यावर पाहून घे."

काका खरंच वाकून आत पाहायला लागले.

"जितू," बाबा म्हणाले, "उद्या मी येतो. करिष्माच्या पाव्हण्यायपुढं बसतो, पांढरी टोपी घालतो. त्यायनं विचारलं तं सांगतो, लेकीकडं राहतो. अन् सांजच्या गाडीनं परत येतो. हात चालू होईस्तोवर. चालू झाला की पाहू, तवा बी मीच सांगीन."

"बाबा, लोकं काय म्हणतीन?"

"लोकायनं माया गाडीचं तिकीट काढलं का?"

दादाने गाडीची किल्ली खिशात टाकली. मग म्हणाला, "भरीत वाढ मिनू." तो बसला. काकाही बसले, थोडे तिरके, पण तीन भाकऱ्या खाल्ल्या. निघताना स्वयंपाकघरात जाऊन फडकं दोन बोटांनी उचलून पाहिलं. "वाकडं आहे," म्हणाले.

बाबा म्हणाले, "रस्ता तसाच होता."

३० नोव्हेंबर, रविवार

मौद्याला मीही गेले. पाहुण्यांत मुलाची आजी होती. तिने विचारलंच, "आजोबा इथंच असतात का?" दादा खाली पाहायला लागला. बाबांनी सरळ सांगितलं, "नाही, लेकीकडं असतो जयताळ्याले. हात सुधारून राहिलो." आजी म्हणाली, "बरं आहे. मले जावयाच्या घरी चहा घ्यालेही भेव वाटते." करिष्मा चहाचा ट्रे घेऊन उभी होती, ती आजोबांकडे बघून हसली.

होकार आला की नाही, अजून कळलेलं नाही. नाही आला तर चौक कोणाला दोष देईल ते ठाऊक आहे. देऊ दे.

परतीच्या बसमध्ये बाबा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले. महालगाव येताच बोटं मांडीवर हलत होती.

२ डिसेंबर, मंगळवार

फडकं मी धुऊन, इस्त्री करून कपाटात ठेवलं होतं, लग्नाच्या शालूशेजारी. इतकं झाल्यावर त्याने तेलकट ओटा कसा पुसायचा?

सकाळी बाबा स्वयंपाकघरात आले. ओट्यावर बनियान पाहिली. बराच वेळ पाहिली.

"फडकं कोठी आहे?"

"जपून ठेवलं बाबा. आठवण म्हणून."

"मंग काल मी कायच्या भरवशावर जेवलो?"

मी काढून आणलं. वरणाची फोडणी उडाली होती, हळदीचे शिंतोडे शेगडीभोवती. हात एकदा अडखळला, मग पुसलं. पाणी छान ओढतं. पिवळा डाग पडला, साबणाने गेला नाही. पिळून मागच्या दोरीवर टाकायला निघाले तर बाहेरून आवाज, "मागं काहून? पुढं टाक, बाल्कनीत."

टाकलं. रस्त्याकडे तोंड करून, वाकडं, छिद्रासकट, डागासकट. जयवंताबाईंनी पाहिलं. मी पडद्याला हात लावला नाही.

रात्रीचं निरीक्षण: तीन भाकऱ्या. अनुमान लिहीत नाही.

जेवण झाल्यावर बाबांनी उरलेला गुंडा आणि सुया माझ्यापुढे सरकवल्या. उजव्या हाताने.

"हे वाळून राहिलं तवर ओटा कायनं पुसशील? चल, मार बेल."